पाद्र्याच्या बायकोचं माहेर : कॅसॅन्ड्रा ली (१७३९–१८२७) हिच्या आईकडची माणसं कशी शोधू?

माजघर :

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा पाल्हाळ लावून विचारते आहे, सांभाळून घ्या.

आमच्या कुलवृत्तांताच्या दुसऱ्या आवृत्तीचं काम मी नऊ वर्षं केलं. बँकेतून आल्यावर रात्री पत्रं लिहायची, कोकणातल्या चुलत घरांना फोन करायचे, असं. सगळ्यात जास्त छळलं ते एका रकान्यानं : 'माहेरचे नाव'. जुन्या पिढ्यांतले पुरुष ठसठशीत, गाव, वतन, कोणी कुठे देऊळ बांधलं, सगळं. बायकांसमोर नुसती रेघ, नाहीतर 'रमाबाई'. आणि रमाबाई हे तरी सासरनं ठेवलेलं नाव. माहेरी ती गंगू होती की यमू, ते तिच्याबरोबरच गेलं.

आता निवृत्तीनंतर लेकीकडे बेझिंगस्टोकला आहे. इथून गाडीनं पंधरा-वीस मिनिटांवर स्टीव्हन्टन म्हणून खेडं आहे, कादंबरीकार जेन ऑस्टिन जिथे जन्मली ते. वाचनालयातल्या मंडळानं तिच्या घराण्याचा भिंतीवर लावायचा तक्ता करायला घेतला आणि मी कुलवृत्तांताची फुशारकी मारल्यामुळे 'आईची बाजू' माझ्या गळ्यात पडली. आई म्हणजे कॅसॅन्ड्रा, रेव्हरंड जॉर्ज ऑस्टिन यांची बायको. आठ मुलांची आई. तिला आपल्या सरळ, खानदानी नाकाचा मोठा अभिमान होता म्हणे, त्यामुळे मला ती लगेच आमच्या थोरल्या आत्यासारखी वाटायला लागली.

माझ्या हाती लागलेलं असं :

जन्म २६ सप्टेंबर १७३९, हार्प्सडन. वडील रेव्हरंड थॉमस ली, तिथलेच रेक्टर, म्हणजे गावच्या चर्चचे मुख्य पाद्री. म्हणजे पाद्र्याची मुलगी पाद्र्याला दिली. लग्न २६ एप्रिल १७६४, बाथमधलं वॉलकॉटचं सेंट स्विदिन चर्च. साक्षीदार दोन : जेन ली आणि जेम्स ली पेरट. जेन ली ही बहीण. हा ली पेरट कोण? मी त्याला मेहुणा धरून तक्त्यात पेन्सिलीनं टाकलाय.

ड्यूक ऑफ शँडॉसच्या बायकोचं नाव कॅसॅन्ड्रा. आपल्याकडे आजीचं नाव नातीला ठेवतात, म्हणून मी डचेसला आजी केलं. एका पैसे भरून बघायच्या संकेतस्थळावर कोणीतरी जोडलेली वंशावळही तेच सांगत होती. वर्षाची वर्गणी भरली आहे, ती आता पाण्यात गेली असं वाटायला लागलंय, कारण त्याच झाडात एक बाई आईच्या आधी दोन वर्षं जन्मली आहे.

आणि खरी अडचण : कॅसॅन्ड्राची आई जेन वॉकर. बस्स. पुढे रेघ. लग्नाच्या नोंदीत वधूच्या आईवडिलांची नावंच नाहीत! मी चुकीचं पान बघत होते का?

---

बखरवाला :

ताई, पान बरोबर होतं. त्या काळच्या इंग्लिश लग्ननोंदीत आईबाप नसतातच. वडिलांचं नाव नि धंदा लिहायला १८३७ साली सरकारी नोंदणी सुरू झाली तेव्हा लागले, आणि आईचं नाव तेव्हाही नाही. १७५३ च्या लग्नकायद्यानं (अंमल २५ मार्च १७५४ पासून) एवढं केलं की नोंद ठरावीक साच्यात, दोघांच्या सह्या, पाद्र्याची सही आणि दोन साक्षीदार. त्यामुळे तुमच्या हातात जे आहे त्यातलं सोनं म्हणजे साक्षीदार.

पण आधी डचेसबाईंना आजीच्या जागेवरून उठवा. थॉमस लीची आई मेरी ब्रिजेस. ही पहिल्या ड्यूक ऑफ शँडॉसची बहीण. कॅसॅन्ड्रा विलोबी ही त्या ड्यूकची दुसरी बायको, लग्न १७१३ चं, आणि तिला मूलबाळ नव्हतं. म्हणजे तुमच्या कॅसॅन्ड्राच्या आजीची ती भावजय. नाव तिचं आलं, रक्त नाही. श्रीमंत भावजयीचं नाव घरात आणणं ही काही फक्त इंग्रजांची खोड नव्हे. (ही डचेस स्वतः घराण्याचा इतिहास लिहिणारी होती, पक्षी-माशांचे अभ्यासक फ्रान्सिस विलोबी यांची मुलगी. तुमच्या पंथातली म्हणा.)

तयार वंशावळींबद्दल माझं मत छापण्यासारखं नाही. मी अठ्ठावीस वर्षं दफ्तरखान्यात काढली आहेत. कागदाला कागद जोडल्याशिवाय नातं जोडायचं नाही.

---

थेम्सकाठ :

माजघरताई, मी रेडिंगला असते, आठवड्यातून एक दुपार जुन्या नोंदवह्या उतरवून काढायला बसते. ली पेरट तुमचा मेहुणा नाही. तो नवरीचा सख्खा भाऊ आहे! जन्मला जेम्स ली, १७३५ साली. आईच्या मामाची, थॉमस पेरट यांची, नॉर्थ ली (हे गावाचं नाव, आडनावाचा ली नव्हे) इथली इस्टेट त्याला मिळाली ती १७५१ मध्ये, आणि इस्टेटीबरोबर आडनावही लावावं लागलं. आपल्याकडचं दत्तकविधान आठवा. होम नाही, पेढे नाहीत, पण नाव बदललं की जमीन. याच घरात पुढे जेन ऑस्टिनचा भाऊ एडवर्ड नाइट घराण्यात गेला आणि १८१२ मध्ये ऑस्टिनचा नाइट झाला.

तेव्हा ते 'पेरट' म्हणजेच तुमच्या रेघेच्या पुढचा मजकूर. जेन वॉकरचे वडील जॉन वॉकर, ऑक्सफर्डचे डॉक्टर. आई जेन पेरट, त्या थॉमसची बहीण. ली, मग वॉकर, मग पेरट. माहेर, आईचं माहेर, आजीचं माहेर. लग्नाच्या नोंदीतली एक सही आणि तिच्यात तिसऱ्या पिढीचं आडनाव.

बाकी थोडक्यात सांगते. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचं फक्त पहिलं नाव सापडतं, आणि ते सापडलं तरी नशीब. यॉर्कशायरची असती तर मजा होती. तिथे विल्यम डेड नावाच्या पाद्र्यानं नोंदीचा असा साचा काढला की बाळाच्या नावासमोर आईचं माहेर आणि आजोबांचा धंदासुद्धा. १७७७ मध्ये आर्चबिशपनं तो साचा आपल्या हद्दीत लावायला सांगितला. पुष्कळ पाद्र्यांनी एवढं लिहायचा कंटाळा केला, पण ज्यांनी लिहिलं त्यांच्या पाया पडावंसं वाटतं. हार्प्सडनला त्यातलं काही नाही.

जानेवारी ते मार्चमधल्या तारखा जपून घ्या. १७५१ पर्यंत इथलं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. फेब्रुवारी १७३९ असं लिहिलेलं आपल्या हिशेबानं १७४० असतं. तुमच्या त्या 'आईच्या आधी जन्मलेल्या' बाईचं मला माहीत नाही, ती नुसती बेफिकिरी वाटते.

मृत्युपत्रं बघा, पण तिची नव्हे. नवरा हयात असताना बाईचं स्वतःचं असं काही नसायचंच, १८८२ च्या कायद्यापर्यंत, त्यामुळे तिचं मृत्युपत्र सहसा नसतं. बघायची ती बिनलग्नाच्या मामांची, मावश्यांची, विधवांची. एकटी मावशी चांदीचे चमचे वाटताना सगळ्या भाच्या नावानं मोजते. कँटरबरीच्या आर्चबिशपच्या कोर्टात मंजूर झालेली १८५८ पर्यंतची मृत्युपत्रं लंडनमधल्या क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि ऑनलाइन शोधता येतात.

---

कट्टेकर :

एवढा खटाटोप कशाला पण? चरित्रांत सगळं छापलेलं आहे, आजी. कॉपी करा, तक्ता लावा, चहा प्या.

---

माजघर :

कट्टेकर, चहा पीतच लिहिते आहे. छापलेलं कॉपी करूनच आमच्या कुलवृत्तांताच्या पहिल्या आवृत्तीत एक आजोबा दोनदा वारले.

थेम्सकाठ, तुमचं पोस्ट वाचून पेन्सिल खोडली. भाऊ! आणि मी त्याला जावई करून बसवला होता. माझी चूक कशी झाली तेही सांगते. इथल्या पत्रांत 'अंकल', 'आँट', 'कझिन' याखेरीज शब्द नाहीत. मामा की काका की मावशीचा नवरा, काही कळायला मार्ग नाही. 'मदर-इन-लॉ' म्हटलं तर सासूही असेल आणि सावत्र आईसुद्धा. 'सिस्टर' म्हणजे बहीण, नाहीतर वहिनी, नाहीतर नणंद. 'मिसेस' लिहिलेली बाई बिनलग्नाची निघते, कारण वयानं, मानानं मोठी असली की तेव्हा मिसेस म्हणत. एका शब्दात नातं सांगणाऱ्या आपल्या भाषेचे मी त्या दिवशी मनातल्या मनात आभार मानले.

आणखी एक फजिती. स्टीव्हन्टनच्या लग्ननोंदीच्या पुस्तकात सुरुवातीला एक नमुन्याचं पान आहे, नोंद कशी भरायची ते दाखवणारं, रिकाम्या जागा सोडलेलं. त्या रिकाम्या जागा जेन ऑस्टिननं मुलगीपणी स्वतःच भरून टाकल्या आहेत. स्वतःची तीन लग्नं लावलीत! एकदा लंडनच्या हेन्री फ्रेडरिक हॉवर्ड फिट्झविल्यमशी, एकदा लिव्हरपूलच्या एडमंड आर्थर विल्यम मॉर्टिमरशी, आणि शेवटी नुसत्या जॅक स्मिथशी, तिथे साक्षीदारही तेच दोघं नवराबायको. बापाचं दफ्तर आणि पोरीची टिंगल. मी त्याचं चित्र पडद्यावर मोठं करून बघत होते. शेवटच्या ओळीत 'जेन स्मिथ, लेट ऑस्टिन'. मी चरकले. लेट? म्हणजे कैलासवासी? लेक हसून हसून लोळली. इथे लेट म्हणजे पूर्वाश्रमीची. म्हणजे 'माहेरचे नाव' हा रकाना त्यांनाही होता, एका शब्दापुरता.

आता पुढचा प्रश्न. वॉकर, पेरट हे मला तुमच्याकडून कळलं. पण त्या काळात या बायकांची नाती कोणी लिहून का ठेवली असतील? लीचं समजू शकते. सर थॉमस ली १५५८ मध्ये लंडनचे लॉर्ड मेयर, मग वॉरिकशायरचं स्टोनली, ॲडलस्ट्रॉपची शाखा, मोठं प्रस्थ. कॅसॅन्ड्राचे काका थिओफिलस ली ऑक्सफर्डच्या बॅलिअल कॉलेजचे मास्टर, म्हणजे प्रमुख, १७२६ पासून १७८५ पर्यंत. एकोणसाठ वर्षं एकाच खुर्चीत! पण ऑक्सफर्डच्या एका डॉक्टरच्या बायकोचं माहेर कोण कशाला जपेल?

---

बखरवाला :

ताई, उत्तर तुम्हाला ठाऊक आहे, फक्त तुम्ही ते इंग्लंडमध्ये शोधलं नाहीत. तुमच्या कुलवृत्तांतातल्या जुन्या वंशावळी मुळात कुठून आल्या?

---

माजघर :

इनाम कमिशन, इंग्रजांनी इनामांचे हक्क तपासायला नेमलेलं. पणजोबांच्या वडलांनी सादर केलेली वंशावळ. तिच्यावर सगळा डोलारा उभा आहे.

---

बखरवाला :

बरोबर. हक्क शाबीत करायचा होता म्हणून नाती लिहिली गेली. वतनाचा तंटा नसता तर कोणी शाई खर्च केली नसती. आमच्याकडे बांधलेल्या रुमालांत वंशावळ निघाली की आम्ही आधी बघायचो, भांडण कशावरून आहे.

आता इंग्लंडकडे या. जेन ऑस्टिनचा थोरला भाऊ जेम्स (ली पेरट नव्हे, त्याचा भाचा) ऑक्सफर्डच्या सेंट जॉन्स कॉलेजात गेला १७७९ मध्ये, वय वर्षं चौदा. वडील जॉर्जही त्याच कॉलेजचे, पण त्यांना जागा मिळाली होती टनब्रिजच्या शाळेसाठी राखून ठेवलेली. मुलगा त्या शाळेत शिकलाच नव्हता. त्याला जागा मिळाली 'संस्थापकाचा आप्त' म्हणून. कॉलेजचे संस्थापक सर थॉमस व्हाइट, १५५५ सालचे, कापडाच्या व्यापारातले. स्वतःला मूल नाही, म्हणून नात्यातल्या पोरांसाठी त्यांनी जागा राखून ठेवल्या. आणि हे नातं जेम्सला मिळालं आईकडून. मागाहून त्याचा धाकटा भाऊ हेन्री यालाही तसंच.

फी भरायला पैसे कमी, घरात मुलगे ढीगभर, पाद्र्याच्या घरात शिकवणीला ठेवलेली दुसऱ्यांची पोरं वेगळीच. अशा घरात दोन मुलगे आईच्या नात्यावर शिकले. दोनशे वर्षांपूर्वीच्या व्हाइटपर्यंत साखळी दाखवता आली पाहिजे, आणि ती बायकांमधून जाते. तेव्हा वॉकर-पेरट बायकांची नावं का टिकली, हे आता विचारू नका.

---

थेम्सकाठ :

बखरवाले, हे मस्त जोडलंत. मला एवढंच घालायचं आहे की लीचं घर तसंही लिहिणाऱ्यांचं होतं. त्या मास्टर थिओफिलसची मुलगी मेरी, कॅसॅन्ड्राची चुलत बहीण. तिचं लग्न झालं ॲडलस्ट्रॉपच्या रेव्हरंड थॉमस लीशी, तोही चुलतभाऊच. (हे थॉमस कॅसॅन्ड्राचे वडील नव्हेत. या घरात थॉमस, थिओफिलस आणि जेन याखेरीज नावं ठेवायला बंदी असावी.) या मेरीनं १७८८ मध्ये ली घराण्याचा इतिहास हातानं लिहून काढला. म्हणजे पाद्र्याच्या बायकांचं माहेर शोधायला निघालात तर वाटेत एक पाद्र्याची बायकोच वही घेऊन बसलेली भेटते.

याच थॉमसला १८०६ मध्ये स्टोनली मिळालं. तेव्हा कॅसॅन्ड्रा, वय सदुसष्टाला टेकलेलं, नवरा जाऊन दीड वर्ष झालेलं, दोन्ही मुलींना घेऊन त्यांच्याबरोबर ते घर बघायला गेली. तिथून सुनेला लिहिलेलं पत्र मिळवून वाचाच. समोरच्या बाजूला पंचेचाळीस खिडक्या मोजल्यात, पंधरा-पंधराच्या तीन ओळी. घरात वाट चुकायला होते म्हणून कोपऱ्याकोपऱ्यावर दिशा दाखवणाऱ्या पाट्या लावा, असं तिनं सुचवलंय. माहेरच्या थोरल्या वाड्यात फिरणारी म्हातारी डोळ्यांसमोर येते.

---

कट्टेकर :

मघाशी चहाचं बोललो, पण एक कामाचं सांगतो. जॉर्ज ऑस्टिनची बहीण फिलाडेल्फिया भारतात आली होती. १७५२ मध्ये जहाजानं मद्रासला. जहाजाचं नाव 'बॉम्बे कासल', बघा! पुढच्या वर्षी कडलूरला टायसो हॅनकॉक नावाच्या कंपनीच्या सर्जनशी लग्न. मुलगी एलायझा १७६१ ची, कलकत्त्यात जन्मलेली, आणि तिचा धर्मपिता कोण तर वॉरन हेस्टिंग्ज. आपला वडगाव आणि सालबाईवाला हेस्टिंग्ज. तक्त्यात घाला, लोक थांबून बघतील. कंपनीच्या काळातल्या लग्न-बाप्तिस्म्याच्या नोंदी लंडनला ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दफ्तरात आहेत, बंगाल, मद्रास, मुंबई असे तीन वेगळे गठ्ठे.

---

माजघर :

कट्टेकर, माहिती झकास. पण ती नणंद! सासरची बाजू दुसऱ्या बाईकडे दिली आहे, तिला कळवते. हेस्टिंग्ज तिच्या वाट्याला. मला माझा रकाना भरू दे.

काल रात्री जेवणाच्या टेबलावर कागद पसरून नव्यानं मांडणी केली. कॅसॅन्ड्रा मधे. डावीकडे ली : वडील थॉमस, आजी मेरी ब्रिजेस, वरच्या कोपऱ्यात मेयर. उजवीकडे आतापर्यंत एकटी बसलेली जेन वॉकर, तिच्या वर डॉक्टर वॉकर आणि जेन पेरट, बाजूला मामा थॉमस पेरट, आणि त्याच्यापासून तुटक रेघ खाली येते ती जेम्सपाशी, 'ली'च्या पुढे 'पेरट' लिहून. दत्तकाची रेघ आम्ही कुलवृत्तांतातही तुटकच काढतो. डचेसबाईंना भावजयीच्या जागी सन्मानानं बसवलं. सर थॉमस व्हाइट मात्र वर अधांतरी आहेत. त्यांच्यापासून खाली येणारी प्रत्येक पायरी कागदासह हाती लागत नाही तोवर शाई लावणार नाही.

लेकीनं विचारलं, ही जेन वॉकर पुढे कुठे गेली. नवरा १७६४ च्या जानेवारीत बाथला वारला, एप्रिलमध्ये मुलीचं लग्न, आणि मग ती मुलीच्याच घरी येऊन राहिली. १७६८ मध्ये गेली. जावयाच्या दारात चार वर्षं. मीही इथे आता तिसऱ्या वर्षात आहे, त्यामुळे त्या विषयावर जेवताना फार चर्चा झाली नाही.

थेम्सकाठ, नॉर्थ लीच्या चर्चमध्ये पेरट मंडळींचे स्मृतिफलक आहेत असं वाचलं. जावई शनिवारी गाडी काढतो म्हणालाय. फलकावर बायकोचं माहेर कोरलेलं असतं का हो सहसा? आणि फोटो काढताना उजेड कुठल्या बाजूनं हवा?

---

थेम्सकाठ :

कधी 'अमक्याची मुलगी' असं कोरलेलं असतं, कधी नुसतं 'रेलिक्ट', म्हणजे मागे राहिलेली, विधवा. शब्द नसले तर फलकावरची ढाल बघा. उभी दुभागलेली असेल तर पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला नवऱ्याचं चिन्ह, उजव्या हाताला बायकोच्या माहेरचं. पुष्कळदा नाव कोणी लिहीत नाही पण ढाल रंगवतात.

उजेड बाजूनं, तिरपा. टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून धरा, अक्षरं उठून येतात. खडू किंवा पीठ अजिबात चोळू नका, दगड खराब होतो. शनिवारी लग्न असलं तर आत सोडणार नाहीत, आधी फोन करा.